शाखांमधली लिंक तुटते तेव्हा

(आमच्याकडून आयआरसी, म्हणजे इंटरनेट रिले चॅट या पद्धतीचा चॅट सर्व्हर बसवून घेतलेल्या, एकाहून जास्त शाखा असलेल्या ग्राहकांसाठी)

"चॅट बंद पडलाय" असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बंद पडलाय, की त्याचे दोन तुकडे झालेत? कोल्हापूरच्या ऑफिसात एकमेकांचे मेसेज दिसतायत, पण इचलकरंजीच्या गोडाऊनमधली सगळी नावं यादीतून एका दमात गेली, असं असेल तर चॅट चालू आहे. दोन सर्व्हरना जोडणारी लिंक तेवढी तुटली आहे. याला नेटस्प्लिट म्हणतात. आयआरसी १९८८ साली फिनलंडमध्ये सुरू झालं. त्याचे सर्व्हर एकमेकांना जोडले जाऊ लागले तेव्हापासून हे दुखणं त्याच्या पाठीशी आहे.

दुखणं रचनेतलंच आहे. मुख्य ऑफिसचा हब म्हणजे खोड आणि शाखांचे लीफ सर्व्हर म्हणजे फांद्या. एका फांदीवरून दुसरीवर जायला वाट एकच. दुसरी वाट मुद्दाम ठेवलेली नसते, नाहीतर तोच मेसेज गोल गोल फिरत राहील. त्यामुळे मधला एक धागा तुटला की पलीकडचं सगळं एकदम नाहीसं होतं.

आधी दोन मिनिटं थांबा

कळकळीची विनंती: लगेच रिस्टार्ट मारू नका. त्याने जोडलेली माणसंही बाहेर फेकली जातात आणि स्क्रीनवरची कारणाची ओळ पुसली जाते. आम्हाला तीच ओळ हवी असते.

दोन मिनिटांचा हिशोब असा. आम्ही बसवून देतो त्या सेटिंगमध्ये लिंक ६० सेकंद शांत राहिली की सर्व्हर पलीकडच्याला पिंग, म्हणजे "आहेस का?" अशी छोटी हाक, पाठवतो. पुढच्या ६० सेकंदांत उत्तर आलं नाही तर "पिंग टाइमआउट" म्हणून लिंक सोडून देतो. शाखेचा राउटर लाइट जाऊन परत आला, तर शाखेच्या सर्व्हरला जुनी लिंक मेल्याचं कळलेलं असतं, पण हबला कळलेलं नसतं. शाखा नव्याने जोडायला जाते, हब म्हणतो "या नावाचा सर्व्हर आधीच जोडलेला आहे". ही ओळ पाहून लोक घाबरतात आणि सेटिंगची फाइल उघडून बसतात. काही करायचं नसतं. हबचा पिंग टाइमआउट झाला की पुढच्या प्रयत्नाला लिंक आपोआप लागते.

एका ग्राहकाने या पिंगचा त्रास नको म्हणून ६० चे ६०० केले. लिंक "कमी तुटेल" हा हिशोब. झालं उलटं. राउटर आणि इंटरनेट कंपनीची यंत्रं बराच वेळ शांत असलेली जोडणी आपल्या नोंदीतून काढून टाकतात. पिंगच्या हालचालीने ती नोंद जिवंत राहत होती. रात्री गोडाऊन शांत झालं की लिंक मरायची आणि दहा-वीस मिनिटं कुणाला पत्ता नसायचा. ६० च राहू द्या.

तुटण्याची वेळ लिहून ठेवा

कारण शोधायला आम्हाला सगळ्यात जास्त मदत होते ती वेळेची. रोज रात्री आठच्या सुमारास तुटत असेल, तर त्या वेळी काय सुरू होतं ते बघा. बहुतेकदा सीसीटीव्हीचं किंवा टॅलीचं बॅकअप वर चढत असतं, अपलोडची वाट तुंबते आणि पिंगचं उत्तर त्या रांगेत अडकतं. बॅकअपला राउटरमध्ये वेगमर्यादा घातली की विषय संपतो.

जोडल्यावर एक-दोन मिनिटांतच तुटत असेल, परत जोडून परत तुटत असेल, तर दोन संशयित. ओळीत "मॅक्स सेंडक्यू एक्सीडेड" (पाठवायची रांग मर्यादेबाहेर गेली) असेल तर सोपं आहे. लिंक जुळताच दोन्ही सर्व्हर आपल्याकडची सगळी नावं, चॅनेल (गप्पांच्या खोल्या), बंदीच्या याद्या एकमेकांवर ओततात. ती रांग मावेल एवढी जागा दिलेली नसली की सर्व्हर लिंकच तोडतो. नवी शाखा जोडताना कुणीतरी लिंकला माणसांसाठीच्या क्लासमध्ये (सेटिंगमधल्या मर्यादांच्या गटात) टाकलेलं असतं. तिला सर्व्हरसाठीच्या वेगळ्या क्लासमध्ये टाकायचं.

दुसरा संशयित फार फसवा. वेबसाइट उघडतात, साधा पिंग जातो, लिंक "जोडली" म्हणते, नावं यायला लागतात आणि मध्येच सगळं गोठतं. शेवटी पिंग टाइमआउट. इथे डेटाची छोटी पाकिटं पार होत असतात, मोठी हरवत असतात. फायबरची जोडणी युजरनेम-पासवर्ड घालून होत असेल, म्हणजे पीपीपीओई असेल, तर प्रत्येक पाकिटातले ८ बाइट त्यातच जातात आणि १५०० ऐवजी १४९२ उरतात. वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने "पाकीट मोठं आहे" हा निरोपही अडवला, की पाठवणाऱ्याला काही समजत नाही. तपासायचं असेल तर पाकीट तोडू नये असा पर्याय लावून पिंग करा. १४६४ चा आकार पार होतो आणि १४७२ चा होत नाही (पाकिटाच्या वेष्टनाचे २८ बाइट यात धरलेले नाहीत), असं दिसलं तर निदान पक्कं. राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग, म्हणजे पाकिटं आधीच लहान ठेवायला लावणारी सोय, चालू करायचं; जमत नसेल तर फोनवर सांगतो.

सर्टिफिकेट: आज बदलतं, महिन्याने नडतं

लिंक जोडताना सर्व्हर ओळख म्हणून सर्टिफिकेट दाखवतो. ते फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि ते आपोआप नवं करणारी सर्टबॉट ही यंत्रणा नेहमीच्या सेटिंगला मुदत संपायच्या ३० दिवस आधीच ते काम उरकते. चालू लिंकला त्याने काही होत नाही. पण काही जुन्या ग्राहकांकडे पलीकडच्या सर्व्हरने सर्टिफिकेटचा ठसा (फिंगरप्रिंट) लिहून ठेवलेला आहे, आणि सर्टिफिकेट नवं झालं की तो बदलतो. पुढे कधीतरी पावसात लाइन जाते, लिंक परत जोडायला जाते, आणि ठसा जुळत नाही. मग दोष पावसाला. अशा जागी आम्ही आता पूर्ण सर्टिफिकेटऐवजी त्यातल्या किल्लीचा ठसा लिहितो आणि नूतनीकरणात तीच किल्ली कायम ठेवतो. तुमची मांडणी जुनी असेल तर हे करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

घड्याळ

चॅनेलचा मालक कोण, हे आयआरसी सर्व्हर चॅनेल केव्हा बनलं त्यावरून ठरवतात. जुनं असेल त्याचा शब्द चालतो. आता शाखेतल्या जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला आहे असं समजा. लाइट आली, मशिन उठलं, तारीख कित्येक वर्षं मागची. इंटरनेट येऊन वेळ दुरुस्त व्हायच्या आत चॅट सर्व्हर सुरू झाला आणि कुणीतरी "डिस्पॅच" चॅनेल उघडलं. घड्याळातला फरक मोठा दिसला तर हब लिंक नाकारतो. पण तोवर वेळ सुधारली असेल, तर लिंक लागते आणि त्या "जुन्या" चॅनेलपुढे मुख्य ऑफिसातल्यांचे अॅडमिन हक्क जातात. "हॅक झालंय" असे फोन आम्हाला यावरून आले आहेत. सीआर २०३२ चा सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो, तो बदला. वेळ जुळल्याशिवाय चॅट सर्व्हर सुरू होऊ नये, एवढं आम्ही लावून देतो.

फोन करताना

तुटल्याची नेमकी वेळ, कारणाची ओळ (फोटो चालेल) आणि त्या सुमारास लाइट गेली होती का, एवढं सांगा. लिंकची सेटिंगची फाइल पाठवायची असेल तर त्यातली पासवर्डची ओळ आधी खोडा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर ती टाकूच नका. १९९० मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीचा एक आयआरसी सर्व्हर पासवर्ड न विचारता कुणालाही जोडून घ्यायचा, आणि त्यावरून सगळं नेटवर्कच फुटलं. तुमच्या फाइलमधला पासवर्ड बाहेर गेला असेल तर लाजू नका, त्याच दिवशी कळवा. दोन्ही टोकांना नवा घालून देऊ.