बटाटा टाळून भात वाढवला, तर साधलं काय?

मुंबईतल्या कुठल्याही ऑफिसच्या कँटीनमध्ये दुपारी हे हमखास दिसतं. वजन कमी करायला निघालेले गृहस्थ थाळीतली बटाट्याची सुकी भाजी बाजूला सारतात, 'बटाट्याने जाड व्हायला होतं' म्हणतात आणि वर भाताची आणखी एक मूद मागून घेतात.

पोषणाचा तक्ता पाहिला तर घोळ वाढतोच. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ७ ग्रॅम प्रथिनं, कच्च्या बटाट्यात जेमतेम २. पण बटाट्यात जवळपास ८० टक्के पाणी असतं, तांदळात १२-१३. आणि तांदूळ कोरडा कोण खातं? तो कुकरमध्ये पाणी पिऊन फुगतो, मगच ताटात येतो. म्हणून तुलना शिजलेल्याची शिजलेल्याशी करावी. १०० ग्रॅम पांढऱ्या भातात सुमारे १३० किलोकॅलरी आणि २.७ ग्रॅम प्रथिनं. सालासकट उकडलेल्या बटाट्यात ८७ किलोकॅलरी आणि १.९ ग्रॅम. कॅलरीच्या हिशेबाने प्रथिनं जवळजवळ सारखीच! शिवाय भाताच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, तितकं ते बटाट्यात पडत नाही. पोटॅशियम तर भातात ३५ मिलिग्रॅम आणि बटाट्यात ३८० च्या आसपास. क जीवनसत्त्व भातात नाहीच.

पोलंडमधल्या कोन आणि क्लाइन या संशोधकांनी १९२८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात एक पुरुष आणि एक स्त्री १६७ दिवस मुख्यतः बटाटा आणि थोडी चरबी यांवर राहिले, आणि धडधाकट राहिले. हे अनुकरणासाठी सांगत नाही, पण 'बटाट्यात असतं काय?' याचं उत्तर त्यात आहे.

पोट भरण्याचं म्हणाल, तर सिडनीत सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ३८ पदार्थ सारख्याच कॅलरींच्या मापाने लोकांना खायला दिले आणि पुढचे दोन तास भूक मोजली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तेव्हा भाताला १३८ मिळाले आणि उकडलेल्या बटाट्याला ३२३, म्हणजे सगळ्यांत जास्त.

मग बटाटा बदनाम का? तेलामुळे. त्याच बटाट्याचे वेफर झाले की पाणी उडतं, त्या जागी तेल शिरतं आणि १०० ग्रॅममागे आकडा ५०० किलोकॅलरींच्या पुढे जातो. वडापावात तर बेसन, तेल, मैदा यांचा हिशेब एकटा बटाटा फेडतो!

तरी त्याला भाजी म्हणून मोजू नये. जागतिक आरोग्य संघटना रोज ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते, त्यात बटाटा धरत नाही. ताटात तो धान्याचंच काम करतो. त्यामुळे भात आणि बटाटा दोन्ही भरपूर घेऊन मेथी-माठाला जागाच ठेवली नाही, तर वरचं सगळं गणित फुकट. आणि भाताच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहेच: वरण. भातातली लायसिनची उणीव डाळ भरून काढते.

बटाटे कुकरला लावताना साल राहू द्यावं, क जीवनसत्त्व कमी झिरपतं. शिजवून गार केल्यावर दोन्हींतला थोडा स्टार्च आतड्यात सहज न पचणाऱ्या रूपात जातो. म्हणजे त्याच्या कॅलरी थोड्या कमीच मिळतात. फोडणीच्या भातासाठी ही चांगलीच बातमी, फक्त मुंबईच्या दमट हवेत उरलेला भात रात्रभर ओट्यावर राहू देऊ नका. जेवणं आटोपली की तासाभरात फ्रिजमध्ये टाका. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचं सुप्त, चिवट रूप, कुकरच्या शिट्यांनाही पुरून उरू शकतात, आणि त्यांनी एकदा भातात विष तयार केलं की सकाळच्या फोडणीने ते जात नाही.