स्टिल चेनसॉ, ११२७ मालिका: आवृत्त्या आणि अदलाबदल होणारे भाग

स्टिल या जर्मन कंपनीच्या ०२९, ०२९ सुपर, ०३९, एमएस २९०, एमएस ३१० आणि एमएस ३९० या चेनसॉ शेजारी शेजारी ठेवल्या तर ओळखू येतात त्या फक्त वरच्या आकड्यांवरून. मुळात हे एकच यंत्र आहे. त्यांच्या खास भागांचे क्रमांक ११२७ ने सुरू होतात, त्यावरून मालिकेचे नाव पडले. ०३९ ची पुढे एमएस ३९० झाली. 'एमएस' म्हणजे जर्मनमधल्या 'मोटोरझेगे'चे, अर्थात इंजिनावर चालणाऱ्या करवतीचे, लघुरूप. नाव बदलले तरी मालिका तीच राहिली. त्यामुळे झाकणावरच्या नावापेक्षा भागाचा क्रमांक अधिक भरवशाचा.

हा क्रमांक ११ आकडी असतो आणि ४-३-४ असा वाचतात. पहिले चार आकडे मालिकेचे, मधले तीन गटाचे, शेवटचे चार त्या विशिष्ट भागाचे. मधे ०२० असेल तर इंजिन, १२० असेल तर कार्बुरेटरची बाजू, १४० सायलेन्सर, १६० क्लच, ४०० इग्निशन, ६४० ऑइल पंप. ०००० ने सुरू होणारे भाग कोणत्याही एका मालिकेचे नसतात. बारचे, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीचे, नट (०००० ९५५ ०८०१) हे त्याचे सोपे उदाहरण. हे वाचन एकदा जमले की काउंटरवर 'दोनशे नव्वदचा द्या' असे मोघम मागावे लागत नाही.

११२७ मधला खरा फरक सिलिंडरच्या व्यासाचा आहे. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, सर्वांचा ३४ मिमी. मूळ ०२९ चा व्यास ४५ मिमी (५४.१ सीसी), ०२९ सुपर आणि एमएस २९० चा ४६ मिमी (५६.५ सीसी), एमएस ३१० चा ४७ मिमी (५९ सीसी), तर ०३९ आणि एमएस ३९० चा ४९ मिमी (६४.१ सीसी). स्ट्रोक सारखा असल्याने एमएस २९० चा सिलिंडर-पिस्टन झिजला की त्या जागी ४९ मिमीचा संच बसवतात. टाकी, हँडल, स्टार्टर, ऑइल पंप हे सगळे जागेवरच राहते आणि यंत्र जवळजवळ एमएस ३९० होते.

'जवळजवळ' हा शब्द महत्त्वाचा. या मालिकेत सिलिंडर खालच्या तबकावर चार बोल्टांनी आवळलेला असतो आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगा या दोन तुकड्यांच्या मधे धरलेल्या असतात. म्हणजे सिलिंडर काढला की क्रँककेसही उघडते. जोडावर गॅस्केट नसून सीलंट असते. जुने सीलंट पूर्ण न खरवडता पुन्हा बसवले तर तिथून हवा ओढली जाते, मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आणि नवा पिस्टन थोड्याच दिवसांत ओरखडतो. ऑइल सील त्याच वेळी बदलावेत आणि कार्बुरेटर पुन्हा सेट करावा. स्वस्त संचात पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायू ये-जा करण्याच्या छिद्रांच्या) कडा धारदार राहिलेल्या असतील तर पिस्टनची रिंग अडकते. त्या कडा बारीक पॉलिश करून घेण्यात घालवलेला अर्धा तास वाया जात नाही.

चेनच्या बाजूला वेगळी काळजी लागते. एमएस २९० ही .३२५ इंच आणि ३/८ इंच अशा दोन्ही पिचमध्ये (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचे माप) मिळत असे. स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चक्र), बारचे नाक आणि चेन या तिघांचा पिच एकच हवा. नुसती चेन बदलून भागत नाही.

पुढच्या पिढीतली एमएस ३९१ मात्र फसवते. तिचाही व्यास ४९ मिमी, स्ट्रोक ३४ मिमी, सीसी ६४.१. पण तिची मालिका ११४०. धूर कमी करण्यासाठी तिच्या इंजिनात आधी शुद्ध हवेचा थर आत येतो आणि त्यासाठी पिस्टनची रचनाच वेगळी आहे. माप जुळले तरी ११२७ चा पिस्टन तिथे चालत नाही. याच्या उलट, एकाच नावाखालीही भाग बदलतात: स्टिलच्याच ०४४ मध्ये सुरुवातीला पिस्टन पिन १० मिमीची होती, पुढे १२ मिमीची झाली. तिथे पिस्टन मागवण्याआधी पिन मोजावीच लागते.

महाराष्ट्रात बागायतदाराच्या हातात बहुधा दिसते ती धाकटी एमएस १८०. तिची मालिका ११३०. एमएस १७० तिचीच बहीण: स्ट्रोक दोघींचा २८ मिमी, व्यास अनुक्रमे ३८ आणि ३७ मिमी. ११२७ चा बार तिला बसत नाही, कारण या लहान यंत्रांच्या बारचा मागचा भाग निराळा असतो. लहान बारचे क्रमांक ३००५ ने सुरू होतात, मोठ्यांचे ३००३ ने. शिवाय या छोट्या यंत्रांना १.१ मिमी आणि १.३ मिमी अशा दोन जाडीच्या चेन येतात. १.३ ची चेन १.१ च्या बारच्या खाचेत शिरतच नाही, हे बरे. १.१ ची चेन १.३ च्या खाचेत शिरते, पण डुलते आणि काप वाकडा जातो. जाडी बारच्या मागच्या टोकाजवळ कोरलेली असते. तिथला चिकट भुसा पुसून ती वाचावी.