कान झाकणारे हेडफोन : आवाजाची व बांधणीची पारख

ज्या हेडफोनच्या गाद्या कानावर न टेकता कानाभोवती डोक्याला टेकतात, त्यांना कान झाकणारे किंवा ओव्हर-इअर हेडफोन म्हणतात. प्रस्तुत नोंदीत भारतीय बाजारात साधारणतः दीड ते आठ हजार रुपयांत मिळणाऱ्या अशा हेडफोनांचा विचार केला आहे. या वर्गात आवाज आणि बांधणी यांना स्वतंत्र गुण देण्याची पद्धत रूढ असली, तरी ती पुरेशी नाही. हेडबँडचा दाब, गादीतला फोम आणि कपाची (कान झाकणाऱ्या वाटीची) हालचाल यांवर कानाभोवतीची हवा किती बंदिस्त राहते हे ठरते आणि खर्जातला आवाज या बंदिस्तपणावरच उभा असतो. त्यामुळे बांधणी तपासणे हा आवाज तपासण्याचाच पहिला भाग होय.

अमेरिकेतील यूटा राज्यातल्या नेथॅनिएल बाल्डविन यांनी घरी तयार केलेले हेडफोन १९१० मध्ये अमेरिकी नौदलाने स्वीकारले. जर्मनीतील बायर कंपनीचा डीटी ४८ हा डायनॅमिक हेडफोन १९३७ मध्ये, जॉन कॉस यांचा स्टिरिओ हेडफोन १९५८ मध्ये आणि सेनहायझर कंपनीचा उघड्या पाठीचा (कपाची मागची बाजू बंद नसलेला) एचडी ४१४ हा १९६८ मध्ये आला. चुंबक, त्याच्या फटीत हलणारे तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला पातळ पडदा ही डायनॅमिक ड्रायव्हरची, म्हणजे कपात बसवलेल्या ध्वनी निर्माण करणाऱ्या भागाची, रचना तेव्हापासून मुळात बदललेली नाही. निओडिमियम चुंबक आणि मोठ्या प्रमाणावरील उत्पादन यांमुळे ती आता फार स्वस्तात बनते. ध्वनिसंशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कानात, कानावर व कानाभोवती बसणाऱ्या पावणेतीनशेहून अधिक हेडफोनांचा वारंवारता-प्रतिसाद (कोणत्या वारंवारतेचा ध्वनी किती जोरात ऐकू येतो याचा आलेख) आणि त्यांची किरकोळ किंमत यांत सहसंबंध आढळला नाही. जास्त पैशांत बहुधा मिळते ते चांगले साहित्य, अधिक आराम, सुट्या भागांची उपलब्धता आणि एकाच मॉडेलच्या दोन नगांमधला सारखेपणा.

आवाजाच्या पारखीत हा वारंवारता-प्रतिसाद सर्वांत महत्त्वाचा असतो. हा आलेख सरळ रेषेत असावा, हा समज मात्र चुकीचा आहे. बाह्यकर्णाचा आकार आणि सुमारे अडीच सेंमी लांबीची कर्णनलिका यांच्या अनुनादामुळे समोरून येणारा कोणताही आवाज ३,००० हर्ट्झच्या आसपास कर्णपटलाशी वाढूनच पोहोचतो. मेंदूला त्याची सवय असते, म्हणून कृत्रिम कानावर मोजलेल्या हेडफोनच्या आलेखातही तेथे उंचवटा हवा. हार्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी व सहकाऱ्यांनी २०१२ नंतर घेतलेल्या श्रवणचाचण्यांतून जी लक्ष्यरेषा, म्हणजे अपेक्षित प्रतिसादाचा आलेख, पुढे आली, तिच्यात हा उंचवटा आणि खर्जात थोडी वाढ आहे. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे ऐकू येतात, त्याच्या जवळ जाणारा हा प्रतिसाद बहुसंख्य श्रोत्यांना आवडला. ती सरासरी आवड आहे, हे विसरून लक्ष्यरेषेपासूनच्या प्रत्येक फरकाला दोष ठरवणे योग्य नव्हे.

आलेख हाताशी नसेल तर परिचित ध्वनिमुद्रणे उपयोगी पडतात आणि मराठी श्रोत्याच्या रोजच्या ऐकण्यात त्यासाठी उत्तम सामग्री आहे. स्वस्त हेडफोनांत सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे १०० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यातला फुगवटा. तबल्याच्या डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड ऐकावी. सूर खालून वर सरकताना स्पष्ट कळला तर बेस ताब्यात आहे आणि प्रत्येक आघातावर एकच गुबगुबीत ठोका येत असेल तर फुगवटा आहे. असा हेडफोन दुकानात दमदार वाटतो, पण त्यावर पुरुषाचा आवाज छातीतून घुमल्यासारखा येतो आणि तासाभराने कान थकतात. मधल्या पट्ट्यासाठी गायकाच्या आवाजाबरोबर हार्मोनियम वाजत असलेले मुद्रण घ्यावे. दोहोंचे सूर पुष्कळदा एकच असतात, तरी आवाज पुढे आणि पेटी मागे, अशी वेगळीक टिकली पाहिजे. वरच्या पट्ट्यात ६,००० ते ९,००० हर्ट्झच्या दरम्यान टोकदार शिखर असेल तर बोलण्यातले ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे टोचतात, भजनातले टाळ पत्र्यासारखे वाजतात. याउलट हा भाग दबलेला असेल तर तानपुऱ्याची जवारी हरवते. एरवी एकाच तारेतून उमलत जाणारे वरचे स्वर ऐकू न येता नुसती गुणगुण उरते. तानपुरा ही या सर्वांत कडक परीक्षा आहे, कारण त्यात लपायला ताल नसतो. मुद्रण मात्र चांगले असावे. जास्त दाबलेल्या एमपीथ्री फाइलमधली खरखर हेडफोनच्या माथी मारली जाते.

तैवानच्या सुपरलक्स कंपनीचा एचडी ६८१ हे या वर्गातले बोलके उदाहरण होय. एकेजी कंपनीच्या के २४० या अर्धउघड्या हेडफोनशी मिळतीजुळती रचना असलेला हा हेडफोन अत्यल्प किमतीत मोकळा, तपशीलवार आवाज देतो, परंतु त्याच्या ट्रेबलमधले, म्हणजे वरच्या पट्ट्यातले, शिखर तीव्र आहे. वापरणारे ते इक्वलायझरने (वेगवेगळ्या पट्ट्यांची पातळी कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) उतरवतात किंवा ड्रायव्हरसमोर पातळ कागदी रुमाल अथवा फेल्टचा तुकडा ठेवतात. आलेखातला चढउतार इक्वलायझरने बराच सुधारतो. पडद्याची थरथर आणि दोन कानांमधली तफावत मात्र त्याने सुधारत नाही, म्हणून या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. मोनो (दोन्ही कानांना एकच आवाज देणाऱ्या) मुद्रणातला आवाज डोक्याच्या नेमका मध्यभागी यावा. २० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा शुद्ध स्वर वाजवताना कोठेही किरकिर होऊ नये. एखाद्याच सुराला ती होत असेल तर जाळीतून शिरून पडद्याला टेकलेला एखादा केसही त्याचे कारण असू शकतो.

दोन हेडफोनांची तुलना करताना पातळी समान करणे अनिवार्य आहे. एक डेसिबेलभर मोठा वाजणारा हेडफोन श्रोत्याला ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. शिवाय कमी पातळीवर कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून नेहमी ज्या पातळीवर ऐकले जाते तेथेच परीक्षा घ्यावी. गजबजलेल्या दुकानात घेतलेला निर्णय त्यामुळे फारसा भरवशाचा नसतो.

आवाज आणि बांधणी यांचा सांधा एका साध्या कृतीने दिसतो. गाणे चालू ठेवून दोन्ही कप तळव्यांनी हलकेच डोक्याकडे दाबावेत. बंद पाठीच्या हेडफोनचा बेस एकदम वाढला तर गादी एरवी नीट बसत नाही असे समजावे. चष्म्याची काडी, कानामागचे दाट केस किंवा मोठ्या कुड्या यांमुळे पडणारी बारीक फटही खर्ज काही डेसिबेलने खाली आणते. त्यामुळे एकाच हेडफोनबद्दल दोन प्रामाणिक परीक्षकांची मते परस्परविरुद्ध असू शकतात. कप उभ्या-आडव्या अक्षांवर थोडा फिरणारा असेल, तर जबड्यामागच्या खोलगट जागेतही गादी टेकते. न फिरणाऱ्या कपात बहुधा तेथेच फट राहते.

हेडबँड तपासताना तो दोन्ही हातांनी हळूहळू ताणावा आणि किंचित पिळावा. आत स्प्रिंगस्टीलची पट्टी असेल तर तो करकर न करता पूर्वस्थितीत येतो. मोडण्याची नेहमीची जागा हेडबँडचा मध्य नसून त्याची टोके असतात : कपाला धरणारा काटा, घडीची बिजागरी आणि लांबी बदलणारी सरकपट्टी. वापरलेल्या नगात बिजागरीच्या स्क्रूभोवती प्लास्टिकवर पांढरट रेघ उमटली असेल, तर ती ताणाची खूण असून तडा तेथूनच जातो. उघडे स्क्रू दिसायला ओबडधोबड असले तरी दुरुस्तीच्या दृष्टीने चिकटवलेल्या जोडापेक्षा केव्हाही बरे. वजन हे मजबुतीचे माप नव्हे. सोनीच्या डब्ल्यूएच-सीएच७२०एनचे वजन १९२ ग्रॅम आहे, आणि लांब वेळ ऐकणाऱ्यासाठी हलकेपणा हाच गुण ठरतो. तारेच्या हेडफोनांत केबल सुटी होते की नाही हे पाहावे. ऑडिओ-टेक्निकाच्या एम२०एक्सची केबल कायमची जोडलेली आहे, तर एम४०एक्सची काढता येते. मात्र तिच्या कपाकडच्या टोकाला अडकणीची विशेष पिन असल्याने कोणतीही केबल चालत नाही.

खोक्यावरील ‘२०–२०,००० हर्ट्झ’ या आकड्याबरोबर किती डेसिबेलच्या चढउताराच्या मर्यादेत हे दिलेले नसेल तर त्यातून काहीच कळत नाही. ‘५० मिमी ड्रायव्हर’ हेही गुणवत्तेचे प्रमाण नव्हे. बिनतारी हेडफोनांवर लागणारी भारतीय मानक ब्युरोची अनिवार्य नोंदणी विद्युत सुरक्षेपुरती असते. अशा हेडफोनांत आवाज आतल्या चिपमध्ये घडवला जातो. त्यामुळे केबल लावून बंद अवस्थेत वाजवल्यास तोच हेडफोन पुष्कळदा वेगळा, बहुधा निस्तेज वाटतो. सक्रिय गोंगाटनिवारण (नॉइज कॅन्सलिंग) मुख्यतः १,००० हर्ट्झच्या खालच्या घरघरीवर चालते. पंख्याचा आणि बसच्या इंजिनाचा आवाज त्याने कमी होतो, शेजारच्या गप्पांचा फारसा नाही.

या वर्गातला सर्वांत अल्पायुषी भाग म्हणजे गादीवरचे कृत्रिम चामडे. ते बहुधा पॉलियुरेथेनचे असते. हवेतील ओलावा आणि घाम यांमुळे त्याचे जलविघटन होऊन काळ्या पापुद्र्यांची गळती सुरू होते. मुंबई, कोकण व गोव्याच्या दमट हवेत ही क्रिया लवकर घडते आणि हेडफोन कपाटात पडून असला तरी थांबत नाही. दबून गेलेल्या जुन्या गादीमुळे ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो आणि आवाजाचा तोल बदलतो. बाजारात मिळणाऱ्या पर्यायी गाद्यांची खोली, भोक आणि कापड वेगळे असते. चामड्याऐवजी मखमली गादी घातल्यास उकाडा कमी होतो, पण हवा गळून बेसही कमी होतो. खरेदीपूर्वी गादी खाचेत अडकवलेली आहे की चिकटवलेली, आणि त्याच मॉडेलची सुटी गादी मिळते का, हे विचारून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.