मिसिंग (जुन्या मोटारींतील) : निदान

पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरात हवा-इंधनाचे मिश्रण न पेटणे, अर्धवट पेटणे किंवा अवेळी पेटणे, या दोषाला गॅरेजच्या व्यवहारात ‘मिसिंग’ म्हणतात. गाडी उभी असताना थरथरते, चढाला झटके देते, पिकअप जातो, सायलेन्सरमधून तुटक फटफट ऐकू येते आणि अ‍ॅव्हरेज घसरते. नवे (ठिणगी पाडणारे) स्पार्क प्लग टाकून, फिल्टर बदलून जे जाते ते साधे मिसिंग. या दोन्हींनंतरही जे टिकते, किंवा महिनाभर जाऊन परत येते, ते जुनाट. ही नोंद दुसऱ्या प्रकारच्या निदानाविषयी आहे. ठाणे व नवी मुंबईत एमएच-०४ आणि एमएच-४३ क्रमांकाच्या, पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण केलेल्या अनेक गाड्या आजही घरच्यांना दवाखान्यात, शाळेत, गावी नेतात. अशा गाडीवर चुकीच्या सुट्या भागांचा खर्च लादणे हा मालकावर अन्याय आहे. म्हणूनच निदानाचा क्रम महत्त्वाचा.

स्वरूप : फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा पेटतो. मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या आयडलिंगवर एका सिलिंडरात ४०० वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण सहा-सात वेळा, ज्वलन होते. मारुती ८०० चे ७९६ सीसी इंजिन तीन सिलिंडरांचे असल्याने एक सिलिंडर बंद पडला की ताकदीचा तिसरा हिस्सा जातो आणि सारी बॉडी हलते. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या चार सिलिंडरांच्या १,०८९ सीसी इंजिनात तोच दोष थोडा सौम्य जाणवतो. ज्वलनासाठी पुरेसा करंट, योग्य प्रमाणातले मिश्रण आणि भरपूर कॉम्प्रेशन (सिलिंडरात मिश्रण दाबले जाणे) हवे, आणि ठिणगी अचूक वेळी पडली पाहिजे. दोष यांपैकी कशात आहे ते शोधणे हेच निदान. पण त्याआधीचा प्रश्न ‘कोणता सिलिंडर’ हा आहे, आणि घाईत तोच वगळला जातो.

सिलिंडर ओळखणे : इंजिन गरम करून आयडलिंगवर ठेवतात आणि एकेका प्लगची वायर क्षणभर काढून पाहतात. चालू सिलिंडरची वायर निघाली की आवाज पडतो, इंजिन डगमगते. ज्या सिलिंडरची वायर काढून काहीच फरक पडत नाही, तो बंद. जुन्या पॉइंट-कंडेन्सरच्या (यांत्रिक संपर्काने ठिणगी पाडणाऱ्या) गाड्यांवर हे इन्सुलेट केलेल्या पकडीने करता येते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये व्होल्टेज तीस हजारांच्या घरात जाऊ शकते आणि मोकळ्या सोडलेल्या वायरीने मॉड्यूल (ठिणगी नियंत्रित करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जळू शकते, त्यामुळे तिथे त्या सिलिंडरच्या (इंधन फवारणाऱ्या) इंजेक्टरचा कनेक्टर काढणे सुरक्षित.

सिलिंडर सापडला की भागांची अदलाबदल करावी. एक नंबरचा प्लग तीनला लावला आणि मिसिंगही तीनला गेले, तर दोष प्लगचा. गेले नाही तर वायरीची अदलाबदल. या परीक्षेला पैसा लागत नाही, आणि तिने मिळणारे उत्तर पक्के असते. बाहेर काढलेला प्लगही पुष्कळ सांगतो : टोकाला फिकट तपकिरी रंग असेल तर ठीक, काळी कोरडी काजळी असेल तर मिश्रण जाड (इंधन जास्त), पांढुरके टोक असेल तर पातळ मिश्रण (हवा जास्त) किंवा जास्त उष्णता, तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील, पेट्रोलने ओला असेल तर बहुधा करंटच नाही. मिसिंग एका सिलिंडरात न राहता सगळीकडे फिरत असेल, तर कॉइल (बॅटरीचे व्होल्टेज वाढवणारी), डिस्ट्रिब्युटर (करंट प्लगांत वाटणारा), इंधनपुरवठा किंवा हवेची गळती या सामाईक गोष्टींकडे वळावे.

मिसिंग केव्हा होते : जाणता मेकॅनिक बॉनेट उघडण्याआधी हेच विचारतो, आणि अर्धे निदान त्या उत्तरात असते.

गायमुख घाटात किंवा मुंब्रा बायपासच्या चढावर झटके येतात, सपाट पाम बीच रोडवर मात्र गाडी गुळगुळीत चालते, अशी तक्रार असेल तर संशय इग्निशनवर. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरात जास्त मिश्रण शिरते, दाब वाढतो आणि दाबाखालच्या वायूतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागते. झिजलेला प्लग, त्याच्या टोकांमधली वाढलेली गॅप किंवा थकलेली कॉइल तेवढे देऊ शकत नाही. इथेच इंधनाचाही विचार करावा, कारण चोंदलेला फिल्टर किंवा दुबळा पंपही भाराखालीच उघडा पडतो. मात्र इंधन कमी पडले की गाडी आधी दम सोडते, तर करंट तुटला की झटका एकदम बसतो.

उलट, आयडलिंगला थरथर आणि वेग घेतल्यावर ती गायब, ही खूण हवा ओढण्याची. इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट, कार्बोरेटरखालचा फ्लँज, ब्रेक बूस्टरची तडकलेली नळी, यांतून शिरणारी जादा हवा कमी वेगात मिश्रण पातळ करते. वेग वाढला की तिचे प्रमाण नगण्य होते.

तीन हात नाक्यापासून घोडबंदर रस्त्यावर अर्धा-पाऊण तास रेंगाळल्यावर सुरू होणारे आणि गाडी थंड झाल्यावर आपोआप थांबणारे मिसिंग कॉइल, कंडेन्सर किंवा इग्निशन मॉड्यूलकडे बोट दाखवते. आत तुटू लागलेली वायर उष्णतेने प्रसरण पावून संपर्क सोडते. असा भाग थंड असताना तपासला तर निर्दोष निघतो, म्हणून तपासणी गरम अवस्थेतच करावी.

पावसाळ्याचे मिसिंग हा या भागाचा खास विषय आहे. जून ते सप्टेंबरमध्ये ठाण्यात साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि ऐरोली-वाशीकडे त्यात खाडीच्या खाऱ्या हवेची भर पडते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल साठते. तिच्या आतल्या बाजूला केसाएवढ्या काळ्या रेघा दिसल्या, तर करंट प्लगकडे न जाता त्या वाटेने अर्थ होत आहे असे समजावे. रेघ घासून निघाली तरी वाट पुन्हा तयार होते, टोपी बदलावीच लागते. वायरींसाठी उत्तम परीक्षा म्हणजे अंधारात इंजिन चालू ठेवून त्यांवर पाण्याचा हलका फवारा मारणे. जिथे निळसर ठिणग्या नाचतात तिथे आवरण फुटलेले. इंजिन आणि चासी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली असेल तर सगळी लक्षणे भुतासारखी जागा बदलतात. ती साफ करणे स्वस्त आहे आणि ते पहिल्याच दिवशी करावे.

सीएनजी गाड्या : बटणाने इंधन बदलता येणे हे निदानाचे आयते साधन आहे. मिसिंग फक्त गॅसवर असेल तर गॅसचा फिल्टर, रेग्युलेटर आणि ट्यूनिंग तपासावे. पण तेवढ्यावर थांबू नये. नैसर्गिक वायूचे मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, म्हणून दुबळे इग्निशन पेट्रोलवर निभावते आणि गॅसवर पडते. ‘किट खराब आहे’ या निष्कर्षाआधी प्लग थोड्या कमी गॅपने लावून पाहावे. दोन्ही इंधनांवर तोच सिलिंडर बंद राहिला तर कॉम्प्रेशनकडे जावे. गॅसवर वर्षानुवर्षे चाललेल्या जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) गॅप नाहीशी होते. मग गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि शेवटी जळतो. वेळीच टॅपेट सेट केले असते तर हेड उतरवावे लागले नसते, अशी कितीतरी इंजिने असतात.

कॉम्प्रेशन : सगळे प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, स्टार्टरवर प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजने मोजतात. नेमका आकडा इंजिनागणिक बदलतो, सिलिंडरांतला आपसातला फरक अधिक बोलका असतो. कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब चढला तर रिंगा गेल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र पडले असतील तर त्यांच्यामधले गॅस्केट फुटले असण्याचीच शक्यता मोठी.

ही चाचणी सर्वांत शेवटी करण्याची पद्धत आहे, ती बदलायला हवी. प्लग-वायरींच्या अदलाबदलीने उत्तर मिळाले नाही की लगेच गेज लावावा, कारण जळालेल्या व्हॉल्व्हवर नवी कॉइल कधीच उपाय ठरत नाही.

इंधन : टाकीतले पाणी, चोंदलेला जेट, पंपाचा फाटलेला पडदा ही जुनी कारणे कायम आहेत. देशभर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागल्यापासून त्यांत भर पडली आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने कार्बोरेटरचे मिश्रण त्याच जेटवर पातळ होते, इंजेक्शनच्या गाड्या ऑक्सिजन सेन्सरमुळे ते बरेचसे सावरून घेतात. शिवाय इथेनॉल ओलावा शोषते आणि जुन्या रबरी नळ्या खराब करते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत म्हणूनच आधी टाकीच्या तळाचे पेट्रोल बाटलीत काढून पाहावे.

स्कॅनर : भारत स्टेज चारच्या (त्या उत्सर्जन मानकाच्या) गाड्यांत एप्रिल २०१३ पासून ओबीडी-दोन ही गाडीतच दोष नोंदवणारी प्रणाली आली. तिच्यात पी-०३०० हा कोड अनेक सिलिंडरांतले फिरते मिसिंग दाखवतो, पी-०३०१ पासूनचे कोड विशिष्ट सिलिंडर. कोड जागा सांगतो, कारण सांगत नाही. पी-०३०२ पाहून दोन नंबरची कॉइल विकत आणण्याआधी ती दुसऱ्या सिलिंडरवर लावून कोड सरकतो का ते पाहावे.

परिणाम : न जळालेले पेट्रोल सायलेन्सरकडे जाते, म्हणून पीयूसीच्या कागदावरील हायड्रोकार्बनचा आकडा मिसिंगचा चांगला साक्षीदार आहे. भारत स्टेज चारच्या पेट्रोल मोटारीला मर्यादा २०० पीपीएम, तर भारत स्टेज दोन आणि तीनला ७५० पीपीएम आहे. दरवेळचे कागद जपून ठेवले तर आकडा कधीपासून चढू लागला ते कळते. हेच पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतली जाळी वितळवते. मग एक्झॉस्ट तुंबतो, पिकअप जातो, आणि मूळ दोष दुरुस्त करूनही गाडी जड चालते. काही पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइल पातळ करते. त्यामुळे दीर्घकाळचे मिसिंग काढल्यावर डिपस्टिकचा वास घ्यावा आणि पेट्रोलचा वास आल्यास ऑइल व फिल्टर बदलूनच गाडी रस्त्यावर आणावी.