आग आणि फुफाटा: उत्तरेच्या जंगलात नक्की जळतं काय?

जून २०२३मध्ये कॅनडातल्या वणव्यांच्या धुरानं न्यू यॉर्कचं आकाश केशरी झालं, तेव्हा न्यू जर्सीतल्या मावसबहिणीनं खिडकीतून काढलेला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'कॅनडातली झाडं आमच्या घरात आलीत.' वाक्य झकास, पण अर्धंच खरं. असल्या धुरात झाडांइतकीच, बरेचदा झाडांहून जास्त, जमीन असते.

आपण 'आगीतून फुफाट्यात' सर्रास म्हणतो, पण चुली गेल्यापासून फुफाटा म्हणजे काय हे सांगावं लागतं. रात्री जेवणं उरकली की आजी चुलीतली लाकडं बाहेर ओढून विझवायची आणि दोन निखारे, एक गोवरी राखेत पुरून ठेवायची. पहाटे राख सारून फुंकर घातली की विस्तव हजर. वरून बघणाऱ्याला नुसती राख दिसायची. हात ठेवला की कळायचं. कॅनडा, अलास्का, सैबेरियाच्या जंगलांत आग आणि फुफाटा दोन्ही चालू असतात, आणि बातमीत दोन्हींना नाव एकच: वणवा.

टीव्हीवर दिसते ती आग. काळा स्प्रूस म्हणजे तिकडचं सुईसारख्या पानांचं झाड. त्याच्या फांद्या पार खालपर्यंत असतात, त्यामुळे जाळ शिडी चढल्यासारखा शेंड्याला पोचतो आणि वाऱ्यावर या शेंड्यावरून त्या शेंड्यावर उडतो. एका जागी तो काही मिनिटंच टिकतो. जळतात मुख्यतः सुया आणि बारीक फांद्या. खोडं बहुतेक वेळा काळी होऊन तशीच उभी राहतात. म्हणजे एवढं रौद्र दृश्य, पण लाकडातला बराचसा कार्बन जागच्या जागी.

फुफाटा असतो पायाखाली. तिकडे थंडी इतकी की गळलेल्या सुया, शेवाळ, मुळं नीट कुजतच नाहीत. वर्षानुवर्षं थरावर थर बसून जमिनीवर गादी तयार होते. ती सुकली की ज्वाला न होता धुमसते, तासाला फार तर काही सेंटीमीटर सरकत. हे ज्वलन अर्धवट असतं, म्हणून कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि फुप्फुसात जाणारे बारीक कण जास्त निघतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या अशा जंगलांत वणव्यातून सुटणाऱ्या कार्बनपैकी बरेचदा ८० ते ९० टक्के या गादीतला असतो.

जळून गेलेली गादी मोजायची कशी? युक्ती मला फार आवडते. गादी जशी उंच होत जाते, तशी स्प्रूसच्या खोडाला वरवर नवी मुळं फुटतात. गादी जळाली की ती मुळं हवेत लोंबत राहतात. संशोधक वरच्या मुळापासून उरलेल्या जमिनीपर्यंत टेप धरतात. मधली पोकळी म्हणजे वर गेलेला कार्बन.

म्हणूनच 'इतके हेक्टर जळाले' एवढ्यावरून उत्सर्जन कळत नाही. ओलसर गादीवरून शेंड्यांची आग गेलेले हजार हेक्टर आणि सुकी गादी खोलवर धुमसलेले हजार हेक्टर यांचा हिशोब एक नव्हे.

'जंगल पुन्हा उगवतं, मग हिशोब शून्य' हे म्हणणंही आगीच्या बाबतीत बरंचसं चालतं, फुफाट्याच्या बाबतीत अडतं. झाड काही दशकांत परत येतं. गादी भरायला शतकं लागतात. पूर्वी गादीचा खालचा थर बहुतेक वणव्यांतून वाचायचा. आता वणवे लवकर लवकर परतू लागलेत. कॅनडाच्या वायव्य प्रदेशात २०१४मध्ये जळालेल्या भागात साठ वर्षांहून तरुण असं सुमारे ३ लाख ४० हजार हेक्टर जंगल होतं, जिथे मागच्या वणव्यातून वाचलेला जुना कार्बनही या वेळी गेला असण्याची शक्यता अभ्यासकांनी दाखवली. आपल्या सह्याद्रीतला गवताचा वणवा यात बसवू नका. इथल्या उन्हापावसात पालापाचोळा कुजून जातो, तशी गादीच जमत नाही.

२०२३च्या मे ते सप्टेंबरमध्ये कॅनडातून सुमारे ६४ कोटी ७० लाख टन कार्बन वर गेला. हा आकडा उपग्रहांनी टिपलेल्या कार्बन मोनॉक्साइडवरून काढलाय. (हा नुसता कार्बन, कार्बन डायऑक्साइडमध्ये सांगायचं तर ३.६७ने गुणा. ही गल्लत छापील बातम्यांतही होते.) वर्षाला इंधन जाळून याहून जास्त कार्बन सोडणारे देश तीनच: चीन, अमेरिका आणि भारत.

आग पावसानं विझते. फुफाटा बर्फाखालीही जगतो. अल्बर्टातल्या फोर्ट मॅकमरीची आग १ मे २०१६ला दिसली, ८० हजारांहून जास्त लोक घरं सोडून निघाले, आणि ती पूर्ण विझल्याचं जाहीर झालं ऑगस्ट २०१७मध्ये. २०२३च्या वणव्यांचे शंभरहून अधिक अवशेषही २०२४च्या जानेवारीत ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टात धुमसत होते. अशा वेळी अग्निशमन जवानांना जाळ शोधून उपयोग नसतो. ते हातमोजा काढून राखेवर हात फिरवत जातात, ऊब लागते का बघत, आणि लागली की तिथेच खणतात.