हाताने रंगवलेली लोकर आणि उठावाच्या विणीचा काउल : क्रोशाची सुई हातात घेण्याआधी वाचा

"याच रंगाची अजून एक लड आहे का?" दिवाळी उलटली की दुकानात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आम्हाला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच. सोबत फोटो असतो. काउल (डोक्यातून गळ्यात घालायचा गोल मफलर) जवळजवळ झालेला, शेवटच्या तीन फेऱ्या राहिलेल्या आणि लोकर संपलेली. त्या नावाची लड आमच्याकडे बहुतेक वेळा असते, पण ती जोडल्यावर वरच्या तीन फेऱ्या वेगळ्या दिसणार हे सांगावं लागतं. मग उसवणं आलं, पुन्हा विणणं आलं. हा त्रास लड घेतानाच टाळता येतो, म्हणून हे पत्रक प्रत्येक पिशवीत घालतो.

रंग पुन्हा तसाच का येत नाही

आमच्या एका पातेल्यात सहा लडी मावतात. रंगाची पूड ग्रॅममध्ये मोजलेली असते, पाणी मापाचं असतं, सायट्रिक आम्लही मोजून घालतो. पाणी ८५ अंशांच्या आसपास ठेवून, त्यातला रंग लोकरीने ओढून घेईपर्यंत, म्हणजे साधारण पाऊण तास, लडी आत असतात. इतकं करूनही दुसऱ्या पातेल्यात थोडा फरक पडतोच. गरम, आंबट पाण्यात लोकर रंग फार झटपट पकडते. जो भाग आधी बुडाला तो गडद होतो, जिथे लड दाबली गेली तिथे फिकट राहतो. एकाच फडातला ऊस असला तरी दोन काहिलींचा गूळ हुबेहूब एका रंगाचा निघत नाही, तसंच हे आहे. एकाच पातेल्यातल्या सहा लडीही सख्ख्या बहिणी असतात, जुळ्या नव्हेत.

गिरणीतल्या लोकरीसारखा एकसारखा रंग हवा असेल तर कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर स्वस्तात भरपूर मिळतो आणि बाळाच्या स्वेटरसाठी तो चांगलाही असतो. हाताने रंगवलेली लोकर घ्यायची ती तिच्यातल्या छटांसाठी. त्या छटा कापडावर नीट पसरवणं मात्र विणणाऱ्याच्या हातात असतं.

एक लड का पुरत नाही

साध्या खांबांच्या (डबल क्रोशे) विणीला १०० ग्रॅमची, २१० मीटरची लड एका काउलला आरामात पुरते. उठावाच्या विणीत सुई खांबाच्या डोक्यात न घालता त्याच्या अंगाभोवती फिरवतो, म्हणून प्रत्येक टाका जास्त धागा खातो. साध्या विणीच्या मानाने पाव ते एक तृतीयांश जास्त धरा.

खाली दिलेल्या मापात एका फेरीला ८८ खांब आहेत आणि मध्यम हाताला फेरीमागे सव्वासहा मीटर धागा लागतो. अशा ३३ फेऱ्या म्हणजे २०६ मीटर. त्यात सुरुवातीची साखळी, शेवटची कड आणि टोकं धरली की २१० मीटर ओलांडलेच. हात सैल असेल तर फेरीला सात मीटर जातात आणि लड तीन-चार फेऱ्या आधीच संपते.

म्हणून काउलसाठी आम्ही आता ७५ ग्रॅमच्या दोन लडींची जोडीच देतो. दोन्ही एकाच पातेल्यातल्या, मिळून सुमारे ३१५ मीटर. काहींना वाटतं, दुकानदार जास्तीची लोकर गळ्यात मारतोय. उरलेल्या ९० ते १०० मीटरमध्ये कानपट्टी होते किंवा हातमोज्यांना कड होते, आणि पुढे काउलचा धागा कुठे तुटला तर दुरुस्तीला तोच रंग घरात असतो. जोडी फोडून एक लड देत नाही. मागे राहिलेल्या एकट्या लडीचा पुढच्या गिऱ्हाइकाला काउलसाठी उपयोग नसतो.

खरी गल्लत इथे होते

जोडी घेतली तरी बहुतेक जणी पहिली लड संपवतात आणि मग दुसरी जोडतात. काउलच्या मधोमध आडवी रेघ उमटते ती त्यामुळेच. लडी सुट्या हातात धरल्या तर फरक कळत नाही, पण एकावर एक विणल्या की डोळा तिथेच जातो. ट्यूबलाइटखाली दिसली नाही तर सकाळी उन्हात दिसते.

उपाय एकच: पहिल्या फेरीपासून दोन्ही लडी आलटून-पालटून वापरा. दोन फेऱ्या पहिल्या लडीने, दोन दुसऱ्या लडीने, शेवटपर्यंत. छटा एकमेकींत मिसळतात आणि रेघ पडायला जागाच राहत नाही.

याचा आणखी एक फायदा आहे. आमच्या लडीचा घेर दीड मीटर असतो, त्यामुळे बहुरंगी लडीत रंगांचा क्रम दर दीड मीटरला फिरून येतो. हात जरा घट्ट असला आणि फेरी बरोबर सहा मीटरची झाली की एका फेरीत चार पूर्ण आवर्तनं बसतात. मग प्रत्येक रंग मागच्या फेरीतल्या त्याच रंगाच्या डोक्यावर येतो आणि काउलवर उभे डाग पडतात. दोन लडी वापरल्या की ही रांग दर दोन फेऱ्यांनी मोडते. तरीही डाग पडतायत असं वाटलं तर एकीची सुरुवात वेगळ्या रंगापासून करा.

धागा बदलायची रीत

फेरी पूर्ण झाली की स्लिप स्टिचने जोडतो, तिथेच बदलायचं. स्लिप स्टिचसाठी सुई पहिल्या खांबात घाला आणि नवा धागा ओढून घ्या. जुना धागा तोडू नका, उलट्या बाजूला सोडून द्या. दोन फेऱ्यांनंतर तो तिथेच हाताशी येतो.

तो वर आणताना ओढला की शिवण आखडते आणि काउल एका बाजूला वर चढतो. दोन फेऱ्यांची उंची पावणेदोन ते दोन सेंटिमीटर होते. तेवढा धागा सैल सोडा, बोटाने शिवण खाली ताणून पाहा आणि मगच पुढची फेरी सुरू करा. एक गुंडा डाव्या हाताला आणि एक उजव्या हाताला, वेगवेगळ्या वाट्यांत ठेवला तर गुंता होत नाही.

लड मोकळी करून तिचा गुंडा करूनच विणायला बसा. पिळलेल्या लडीतून थेट धागा ओढला की गाठी झाल्याच म्हणून समजा. दुकानात चरखीवर गुंडे करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

माप आणि वीण

सुई ५ मिमीची. धुऊन वाळवलेल्या नमुन्यात १० सेंटिमीटरला १४ ते १५ खांब यायला हवेत. १६ आले तर घेर ५५ सेंटिमीटरवर येईल आणि काउल डोक्यातून जाताना ओढेल. अशा वेळी ५.५ मिमीची सुई घ्या. बरोबर आलं तर घेर ६० आणि उंची ३० सेंटिमीटरच्या आसपास भरते.

८८ साखळ्या ५.५ मिमीच्या सुईने घाला, कारण साखळी नेहमी आखडते. पीळ पडलेला नाही हे बघून गोल जोडा. पहिली फेरी साध्या खांबांची, कारण उठावाच्या टाक्याला धरायला खाली खांब लागतो. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीच्या दोन साखळ्या खांब म्हणून मोजायच्या नाहीत. याच मोजल्या जातात, ८९ टाके होतात आणि चौकडे, म्हणजे चार टाके-चार फेऱ्यांचे चौकोन, सरकतात.

दुसऱ्या फेरीपासून चार पुढून खांब, चार मागून खांब, असं अकरा वेळा. पुढून खांब म्हणजे सुई पुढच्या बाजूने घालायची, खालच्या खांबाच्या मागून फिरवायची आणि पुन्हा पुढे काढायची. मागून खांब याच्या उलट. चार फेऱ्या झाल्या की पुढूनच्या जागी मागून आणि मागूनच्या जागी पुढून. अशा ३२ फेऱ्या केल्या की टोपलीच्या विणीचे आठ थर होतात. शेवटी मुक्या खांबांची (सिंगल क्रोशे) एक फेरी, हात सैल ठेवून. चार फेऱ्यांनी एकदा चौकडे मोजा, बावीस भरले पाहिजेत.

फार चट्टेरीपट्टेरी लड घेतलीत तर ही वीण रंगात बुडून जाते. एका रंगाच्या दोन-तीन छटांची लड घेतली की चौकडे उठून दिसतात. नवशिक्यांनी तीच घ्यावी.

धुणं

साध्या पाण्यात लोकरीचा सौम्य साबण किंवा रिठ्याचं पाणी घालून वीस मिनिटं भिजवा. चोळू नका, पिळू नका. ही मेरिनो मशीनमध्ये चालेल अशी प्रक्रिया केलेली आहे, त्यामुळे ओली असताना लांबते. दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचला, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, आडवी पसरून माप द्या. दोरीवर टाकली तर ३० चे ३५ सेंटिमीटर होतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात पंख्याखालीच वाळवा, नाहीतर वास धरते. इस्त्री करू नका, उठाव बसतो.

रंग पक्का व्हावा म्हणून बऱ्याच जणी मिठाच्या पाण्यात किंवा गार व्हिनेगरमध्ये लोकर भिजवतात. हा रंग बसायला आम्ल आणि उष्णता दोन्ही लागतात आणि ते काम आमच्याकडे झालेलं असतं. गडद निळ्या-लाल रंगाचं पहिलं पाणी किंचित रंगीत निघालं तर पाणी बदलून पुन्हा खळबळा. तिसऱ्या पाण्यालाही रंग निघत राहिला तर काउल आमच्याकडे आणा, आम्ही पुन्हा वाफवून देऊ.

इथली दख्खनी लोकर का वापरत नाही, असंही विचारतात. पट्टणकोडोलीच्या यात्रेत दिसणाऱ्या घोंगड्यांना त्या लोकरीसारखी दुसरी लोकर नाही, पण तिचा जाड, राठ तंतू गळ्याला टोचतो. डिसेंबरात पहाटे रंकाळ्यावर फिरायला किंवा दुचाकीवरून पन्हाळ्याला जायला गळ्याशी मऊच हवी.

लोकर आधीच संपली असेल तर

वरच्या आठ-दहा फेऱ्या उसवा. उसवलेला धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून सैल बांधा, भिजवून वाळवा, म्हणजे वळ्या जातील. मग तो धागा आणि नवी लड दोन-दोन फेऱ्या आलटून-पालटून विणा. फरक जास्तच असेल तर सरळ उठून दिसणाऱ्या दुसऱ्या रंगाची कड लावा, ती मुद्दाम केलेली दिसते आणि शोभते. त्यासाठी २५ ग्रॅमच्या छोट्या लडी ठेवल्या आहेत.

नवी लड जुळवायची असेल तर विणलेला काउलच घेऊन या. फोटोत मोबाइल रंग बदलतो. दिवसा उजेडी दारात उभं राहून जुळवू. लडीच्या चिठ्ठीवर पातेल्याचा क्रमांक आहे, काम पुरं होईपर्यंत ती टाकू नका. पंधरा दिवसांच्या आत चिठ्ठीसकट, पीळ न सोडलेली जोडी आणलीत तर बदलून मिळेल.