लॅम्प्रे आणि सलंगावरचा सापळा

आषाढ-श्रावणात मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) भरला आणि सलंगावरून, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या सांडव्यावरून, पाणी सुटलं की गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावकडच्या गावांत रात्री टॉर्च चमकू लागतात. खालच्या नाल्यातले मासे त्या धारेवर चढू पाहतात आणि ढीवर मंडळी, म्हणजे इथला मासेमार समाज, बांबूच्या कांबींचा सापळा लावून बसतात. एका म्हाताऱ्या ढीवरानं मला एकदा म्हटलं होतं, "तलावात कायले शोधता बाप्पा, सलंगावर या ना."

अमेरिका आणि कॅनडाला हेच शहाणपण फार मोठी किंमत मोजून मिळालं.

तिथल्या पंचमहासरोवरांत (ग्रेट लेक्समध्ये) समुद्री लॅम्प्रे शिरला. दीड-दोन फुटांचा, वामसारखा लांबुळका जीव. त्याला जबडाच नाही. गोल, चोषकासारखं तोंड, आत दातांची वर्तुळं आणि खरवडणारी जीभ. तो ट्राउट माशाच्या अंगाला चिकटतो, कातडी खरवडतो आणि रक्त गोठू न देणारी लाळ सोडून पीत राहतो. एक लॅम्प्रे आपल्या वर्ष-दीड वर्षाच्या परजीवी आयुष्यात १८ किलोपर्यंत मासे मारू शकतो.

मूळचा तो अटलांटिकचा. नायगारा धबधबा त्याची वाट अडवून होता. मग जहाजांसाठी धबधब्याला वळसा घालणारा वेलँड कालवा झाला. १९२१ मध्ये लॅम्प्रे एरी सरोवरात सापडला आणि १९३८ पर्यंत सुपिरियर सरोवरात पोचला. वरच्या सरोवरांत दरसाल सुमारे ६८०० टन लेक ट्राउट निघत असे; १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते १३५ टनांवर आलं.

आता मारायचं कुठं? एकट्या सुपिरियरचं क्षेत्रफळ ८२ हजार चौरस किलोमीटर, विदर्भाहून थोडंच कमी. पण अंडी घालायला लॅम्प्रेला नदी-नाल्यांतच चढावं लागतं, आणि त्याच्या आंधळ्या अळ्या तिथल्या गाळात तीन ते सात वर्षं, कधी त्याहून जास्त, रुतून बसतात. त्याचं सलंग सापडलं ते इथे.

१९५० च्या दशकात मिशिगनमधल्या हॅमंड बे इथे सुमारे सहा हजार रसायनं तपासली गेली. पद्धत साधी होती : बरणीत लॅम्प्रेच्या अळ्या, सोबत इतर माशांची पिल्लं, वरून एक रसायन. अळ्या मराव्यात आणि मासे जगावेत. अखेर टीएफएम नावाचं लॅम्प्रेनाशक सापडलं. ते पेशीतला ऊर्जेचा कारखाना बिघडवतं. बहुतेक मासे ते यकृतात निष्प्रभ करून बाहेर टाकतात. लॅम्प्रेला ते नीट जमत नाही. १९५८ पासून ते नाल्यांत सोडलं जातं. मात्रा दर वेळी पाण्याचा सामू (पीएच) आणि अल्कता (अल्कलिनिटी) मोजूनच ठरते, कारण चुकली तर मासेही जातात. जोडीला चढणीवर बुटके बांध आणि सापळे आहेतच.

मला स्वतःला औषधापेक्षा त्यांची मोजदाद जास्त आवडते. पाण्यात सौम्य वीजप्रवाह सोडून गाळातल्या अळ्या वर काढतात. चढणारे प्रौढ पकडून, खूण करून सोडतात आणि पुन्हा किती सापडले त्यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात. शिवाय ट्राउटच्या अंगावरचे गोल व्रण मोजतात. लॅम्प्रे साधारण नव्वद टक्क्यांनी घटला, पण संपला नाही. कोविडच्या काळात औषध सोडणं कमी झालं आणि तो पुन्हा वाढला.

आपल्याकडे लॅम्प्रे नाही. टिलापिया आहे, आणि बंदी असूनही आफ्रिकन मांगूर. ते रक्त पीत नाहीत. एक देशी माशांचा चारा आणि जागा बळकावतो, दुसरा मासेच खातो. सलंगावरची युक्ती मात्र इथे अर्धीच चालते. मांगूर हवेतूनही श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या बोडीत (लहान तळ्यात) जाऊ शकतो. टिलापियाला तर विणीसाठी कुठे चढायचंच नसतं. गेल्या उन्हाळ्यात पाणी उतरलेल्या तलावात ओढलेल्या जाळ्यातून एक मादी हातात घेतली, तर तिनं तोंड उघडलं आणि डाळीएवढी पिल्लं भसाभस माझ्या तळहातावर ओतली.